तीन नंबरच्या गाडीचं पाणी

फौजेत मी बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची सहा राजस्थानात, गाड्यांच्या फील्ड वर्कशॉपमध्ये. हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. पेन्शनवर गावी आलो तेव्हा वय एकेचाळीस. पहिले दोन महिने बरे गेले. मग हात शिवशिवायला लागले. पहाटे साडेचारला जाग यायची आणि समोर उघडायला बॉनेट नसायचं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्यानं न सांगताच मी दोनदा खोलला, तेव्हा बायको म्हणाली, कुठेही जा पण नोकरी धरा. चार महिन्यांनी मी दुबईत होतो. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल.

पोस्टिंग म्हणावं तर रास अल खोर. वर्कशॉपांची आणि गोदामांची वस्ती. पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या कंपनीचं वर्कशॉप, वरच्या खोलीत आम्ही सहा जण. कंपनी खाजगी होती, वाळवंटात जमिनीच्या मोजणीची कामं घ्यायची. तिच्याकडे तीन फोर बाय फोर गाड्या होत्या. तिन्ही एकाच बनावटीच्या, सहा सिलिंडरच्या डिझेल. एक नंबर नवी कोरी, ती कॅम्प मॅनेजर हसन साहेबांकडे. दोन आणि तीन नंबर वापरलेल्या, त्या माझ्या ताब्यात. हसन साहेब सुदानी इंजिनियर. शांत माणूस, इंग्रजी बोलायचा आणि अडलं की तोडकीमोडकी हिंदी. ऑफिसचं काम आणि वायरलेस सेट लोपीसकडे. लोपीस वसईचा, तिशीच्या आतला, सुट्टी असली की शुक्रवारी न चुकता ऊद मेथाच्या चर्चला जाणारा. तो मला कदमकाका म्हणायचा.

सिव्हिलियन लोकांना वाटतं, वाळवंटात गाडीला फक्त उन्हाची भीती. पण आधी त्रास देते ती धूळ. पिठासारखी बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये बसते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणून फिल्टर रोज काढायचा आणि आतून बाहेर हवा मारायची. बाहेरून मारली तर धूळ आणखी आत जाते. रेडिएटरच्या जाळीत वाळू आणि किडे अडकतात, ते ब्रशने काढायचे. रबराचे होज उन्हानं तडकतात, ते बोटांनी दाबून पाहायचे. बॅटरीचं पाणी आठवड्यात खाली जातं. ग्रीस जास्त झालं तर त्याला वाळू चिकटते आणि त्याची पॉलिशपेपरसारखी लेई होते. वाळूत उतरताना टायरची हवा निम्म्यावर आणायची, डांबरावर परत आलं की भरायची. ही सगळी कामं पहाटे चारला सुरू आणि दहाला बंद, कारण दहानंतर पाना हातात धरवत नाही.

फौजेत गाडीची तपासणी दिवसातून तीनदा होते. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. मी तीच पद्धत रास अल खोरला चालू केली. सुरुवातीला सगळे हसले. मग ज्या गाड्या दर महिन्याला ट्रेलरवर परत यायच्या त्या आपल्या चाकांवर यायला लागल्या आणि हसणं बंद झालं. प्रत्येक गाडीत मी चार जेरीकॅन ठेवले. दोन हिरवे, रेडिएटरसाठी. दोन पांढरे, माणसासाठी. डॅशबोर्डवर माझ्या हातानं हिंदीत आणि इंग्रजीत रंगवलं: पांढऱ्या कॅनचं पाणी गाडीत टाकायचं नाही. खाली सहीसुद्धा केली. मला अशा गोष्टींचा तेव्हा फार अभिमान होता.

दुसऱ्या वर्षी कंपनीला ड्रायव्हर हवा होता. मी शंकरला पत्र टाकलं. नाईक शंकर ज्ञानू इंगवले, माझ्याच युनिटचा ड्रायव्हर, सातारा जिल्ह्यातला. मोठा हट्टी आणि तितकाच शिस्तीचा. राजस्थानात त्यानं माझ्या वर्कशॉपचा ट्रक पाच वर्षं चालवला होता आणि त्या पाच वर्षांत त्या ट्रकचा फॅनबेल्ट वाटेत कधी तुटला नाही, कारण तुटण्याआधी तो बदलायचा. पेन्शनला येऊन त्याला सहा महिने झाले होते आणि तोही घरात माझ्यासारखाच येरझाऱ्या घालत होता. तीन आठवड्यांत तो आला. रास अल खोरच्या शेडमध्ये बॅग ठेवली, तीन नंबरच्या गाडीला एक चक्कर मारली आणि चहाआधी डिपस्टिक काढून तेल पाहिलं. मला तो उस्ताद म्हणायचा. युनिटमध्ये म्हणायचा तेच इथेही.

आता थर्मोस्टॅटबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनात पाणी फिरतं. गार इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ नये म्हणून वाटेत मुठीएवढी एक झडप असते. इंजिन तापलं की झडप उघडते आणि पाणी रेडिएटरमधून गार होऊन येतं. ती झडप म्हणजे थर्मोस्टॅट. राजस्थानात आमचे सुभेदार साहेब म्हणायचे, इथे इंजिन गार राहतंच कुठे, ही झडप काढून फेका, पाण्याला रस्ता मोकळा राहू दे. आमच्या जुन्या ट्रकांना ते मानवलं. कित्येक ट्रकांचे थर्मोस्टॅट मी स्वतः काढले आणि एकही ट्रक त्यामुळे उकळला नाही. आमच्या पिढीतल्या फौजी मेकॅनिकला हे कुणी शिकवावं लागत नसे, ते हातात बसलेलं असे.

त्या वर्षी मे महिन्यात मी दोन आणि तीन नंबरचे थर्मोस्टॅट काढले. एक नंबरचाही काढणार होतो, पण हसन साहेब म्हणाले गाडी वॉरंटीत आहे, हात लावू नको. मी मनात म्हटलं, भोगा मग. दोन्ही गाड्या डांबरावर पळवून पाहिल्या. काटा पूर्वीपेक्षा खाली. शंकरनं बोटानं काच वाजवून काटा पाहिला आणि म्हणाला, उस्ताद, राजस्थानची आठवण आली. मी खूष झालो.

ऑगस्टमध्ये कॅम्प लिवा नावाच्या वाळवंटातल्या वस्तीच्या दक्षिणेला गेला. तिथल्या वाळूच्या टेकड्या रास अल खोरला बसून कळत नाहीत. पाच पाच मजली उंच, वर चढताना वाळू पायाखालून खाली येते. कॅम्प म्हणजे दोन पोर्टा केबिन, एक जनरेटर, पाण्याची टाकी आणि सेटची उंच काठी. पहिल्या आठवड्यात सपाट भागातलं काम झालं. मला करमत नव्हतं. गाड्या ठीक होत्या आणि तेच खटकत होतं. दिवसातून तीनदा मी त्यांच्याभोवती फिरायचो आणि काही सापडलं नाही की चौथ्यांदा फिरायचो. लोपीस म्हणायचा, काका, बसा ना जरा, गाडी पळून नाही जाणार.

आठव्या दिवशी हसन साहेब पहाटे एक नंबर घेऊन रेशन आणायला मदिनत झायेद या गावी गेले. दोन नंबरच्या पुढच्या चाकाचा हब मी उघडला होता, बेअरिंग आवाज करत होतं. मोजणीच्या लाइनवर खुणेचे लोखंडी पाइप पोचवायचे राहिले होते. एकट्या गाडीनं टेकड्यांत जायचं नाही हा नियम. शंकर म्हणाला, बावीस किलोमीटरवर तर जायचंय, नऊला परत येतो. मी सेटवर हसन साहेबांना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ओके, नऊपर्यंत, इन्शाल्ला. शंकरनं फर्स्ट परेड केली. मी मागे उभा राहून पाहिली. ०५४० वाजता तीन नंबर कॅम्पमधून निघाली.

०७२५ ला सेट बोलला. नियमाप्रमाणे सेटवर इंग्रजी बोलायचं, पण शंकर आणि मी मराठीतच बोलायचो. हसन साहेबांनी दोनदा हटकलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं.

"बेस, थ्री बोलतोय. पाइप टाकले. परत निघालोय. टेंपरेचर लालच्या जवळ आहे. ओव्हर."

मी बेअरिंग बाजूला ठेवून सेटवर गेलो. त्याला सांगितलं, तोंड वाऱ्याकडे कर, बॉनेट उघड, इंजिन बंद करू नको, आतला हीटर फुल लाव म्हणजे थोडी उष्णता तिकडून निघेल, काटा उतरला की हिरव्या कॅनमधून पाणी घाल. हे सगळं बरोबर होतं, आजही मी तेच सांगेन. त्यानं केलं. काटा उतरला. तो निघाला.

०८०५ ला परत तेच. ०८३० ला परत. काय बिघडलं ते मला कळेना. फॅनबेल्ट विचारला, ठीक. होज विचारले, ठीक. गळती नाही, जाळी साफ. सपाटीवर काटा खाली राहतो आणि टेकडी चढायला लागली की वर जातो, एवढं तो सांगत होता. मला वाटलं वाळू फार मऊ आहे, ऊन फार आहे, दुसरं काय असणार. मी केबिनमध्ये दोन पावलं इकडे, दोन तिकडे करत होतो. लोपीस रजिस्टरमध्ये वेळ लिहीत होता.

०८५० ला शंकर म्हणाला, हिरवे दोन्ही कॅन संपले. पांढरे दोन आहेत, एक भरलेला, एक अर्धा.

मी विचारलं, किती राहिलं अंतर. तो म्हणाला, चौदा किलोमीटर असेल. मी हिशेब केला. चौदा किलोमीटर म्हणजे पाऊण तास. गाडी चालत राहिली तर माणूस पाऊण तासात पाण्याच्या टाकीशी आहे. गाडी थांबली तर उन्हात किती वेळ, सांगता येत नाही. फौजेत आम्हाला हेच शिकवलं होतं, गाडी जिवंत ठेवा, ती तुम्हाला परत आणेल.

"थ्री, बेस. पांढऱ्यातलं टाक. थांबू नकोस. इथे आल्यावर पी. ओव्हर."

मग तो म्हणाला, "उस्ताद, पांढऱ्यातलं?"

"पांढऱ्यातलं. माझी ऑर्डर आहे."

"रॉजर."

०९२० ला त्याचा शेवटचा संदेश आला. समोरची टेकडी चढत नाही, बगलेनं खालच्या खळग्यातून वळसा घालून येतो. मी म्हटलं ये. टेकड्यांच्या मधल्या खळग्यात आमचा सेट पोचायचा नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं. अर्ध्या तासात तो बाहेर यायला हवा होता. ०९५० झाले. १०१५ झाले. लोपीस दर पाच मिनिटांनी हाक मारत होता आणि उत्तर येत नव्हतं. मी हबकडे गेलो आणि बेअरिंग बसवायला घेतलं. जे काम पाऊण तासात व्हायचं त्याला दीड तास लागला. तीनदा नट वाळूत पडला.

लोपीसनं पोलिसांना कळवलं, त्यांची गस्त लिवाहून निघाली. ११५० ला हसन साहेब परत आले. त्यांनी रेशन उतरवलंसुद्धा नाही. पाण्याचे सहा कॅन एक नंबरमध्ये टाकले आणि मला म्हणाले, यल्ला, चल. एक नंबर पुढे, दोन नंबर मी मागे. टायरची हवा उतरवून ठीक १२०५ ला आम्ही टेकड्यांत शिरलो.

पहिली टेकडी मी चढलो. दुसरी चढलो. तिसरीच्या अर्ध्यावर माझा काटा लाल झाला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. हसन साहेब वर पोचले होते. ते उतरून माझ्याकडे आले, काटा पाहिला आणि मग मला त्यांच्या गाडीकडे घेऊन गेले. त्यांच्या गाडीत रेशनची पोती होती, सहा कॅन होते, माझ्यापेक्षा दुप्पट वजन. त्यांचा काटा मधोमध होता.

"सेम इंजिन, सेम सँड," ते म्हणाले. "कदम, तेरी गाडी में क्या अलग है?"

मी माझ्या गाडीशी परत आलो आणि बॉनेट उघडून उभा राहिलो. थर्मोस्टॅटच्या घरापासून एक जाड नळी परत इंजिनकडे जात होती. ती मी मे महिन्यात पाहिली होती आणि तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आमच्या जुन्या ट्रकांना अशी नळी नव्हती. या इंजिनात झडपेला खालून दुसरी चकती असते. झडप उघडली की ती चकती ही नळी बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. झडपच नसेल तर नळी कायम उघडी. गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. डांबरावर ते कळत नाही. टेकडी चढताना कळतं. हे सगळं मला त्या एका मिनिटात समजलं. मी बंपरवर बसलो आणि बंपर तापलेला आहे हे मला कळायला वेळ लागला.

म्हणजे शंकर कितीही पाणी टाको, ती गाडी उकळणारच होती. मी त्याला त्याचं पिण्याचं पाणी बुडाला भोक असलेल्या भांड्यात ओतायला सांगितलं होतं.

मी सेट उचलला. खळग्यात आवाज पोचतो की नाही माहीत नव्हतं. तरी बोललो. "थ्री, टू बोलतोय. शंकर, पाणी गाडीत टाकू नकोस. गाडीची चूक नाही, माझी आहे. इंजिन बंद कर. उरलेलं पाणी पी. गाडीच्या सावलीत बस. आम्ही येतोय." हे मी पाच वेळा बोललो. हसन साहेब शेजारी उभे होते. त्यांना मराठी येत नव्हती. दोन नंबर तिथेच सोडली आणि मी त्यांच्या गाडीत बसलो.

वाऱ्यानं चाकांच्या खुणा अर्ध्या बुजवल्या होत्या. एका ठिकाणी उंट राखणारा एक बदू, वाळवंटातल्या टोळीतला म्हातारा, भेटला. हसन साहेब त्याच्याशी अरबीत बोलले. तो गाडीत बसला आणि हातानं दिशा दाखवत राहिला. जिथे मला काही दिसत नव्हतं तिथे त्याला चाक वळलेलं दिसत होतं. १५४० ला आम्ही खळग्यात उतरलो आणि तीन नंबर दिसली.

गाडीचं तोंड वाऱ्याकडे होतं. बॉनेट उघडं. पुढच्या चाकाजवळ बारदान अंथरलेलं, त्यावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत. एअर फिल्टर साफ करून परत बसवलेला. चाकं वाळूत रुतलेली, फावड्यानं चारही चाकांसमोरची वाळू काढलेली. त्यानं हॉल्ट परेड पूर्ण केली होती. चारही कॅन रिकामे होते आणि झाकणं लावून जागेवर बांधलेले. रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. लोक मला विचारतात, तेच पाणी त्यानं काढून का प्यायलं नाही. ते हिरव्या कूलंटमध्ये मिसळलेलं होतं, ते विष असतं, आणि तो ड्रायव्हर होता, त्याला ते ठाऊक होतं.

शंकर गाडीच्या पूर्वेच्या बाजूला सावलीत पाठ टेकून बसला होता. मी मानेला हात लावला. अंग तापलेलं होतं पण नाडी नव्हती. बदू म्हाताऱ्यानं डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या तोंडावर घातला. हसन साहेबांनी हात पुढे धरून काहीतरी म्हटलं. मी बूट जुळवून सॅल्यूट केला. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. मग मी गाडीत डोकावलो. सेट चालू होता. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पोचला असेल तर त्याला काय वाटलं असेल याचा विचार मी रोज करतो.

चौकशी नवव्या दिवशी रास अल खोरला झाली. ऑफिसचे दोन अधिकारी आले होते. आदल्या दुपारी लोपीसनं मला पार्ट्स स्टोअरच्या मागे बोलावलं. त्याच्या हातात वायरलेसचं रजिस्टर होतं. त्यात ०८५० समोर लिहिलं होतं: गाडी गरम, हिरवे कॅन संपले. माझी ऑर्डर लिहिलेली नव्हती.

"काका, मी ते लिहिलेलंच नाही," लोपीस म्हणाला. "मराठी इथे कुणाला कळत नाही. तुम्हाला, मला आणि शंकरला. बस्स." त्याचे डोळे भरले होते. "तुम्ही पण घर चालवता ना काका."

त्यानं हे माझ्या भल्यासाठी केलं होतं. मी त्याला रागावू शकलो नाही आणि आभारही मानू शकलो नाही. वर खोलीत शंकरची कॉट रिकामी होती. तिच्यावर त्याची बॅग बांधून ठेवली होती, गावी पाठवायला. मी त्या दिवशी शेडमध्ये किती चकरा मारल्या ते मोजलं नाही. फौजेत मी अनेकदा गोष्टी लपवल्या होत्या. एखादा हरवलेला पाना, एखादं उशिरा भरलेलं लॉगबुक. गप्प बसणं मला येत होतं.

चौकशीत हसन साहेबांनी आधीच सांगून टाकलं की एकट्या गाडीला परवानगी त्यांनी दिली होती. मग अधिकाऱ्यांनी रिपोर्टचा मसुदा वाचला. गाडी अतिउष्ण झाली, कारण अज्ञात. ड्रायव्हरने डॅशबोर्डवरील लेखी स्टँडिंग ऑर्डर मोडून पिण्याचे पाणी रेडिएटरमध्ये वापरले. मृत्यू ड्रायव्हरच्या स्वतःच्या बेपर्वाईमुळे. शंकरच्या घरच्यांना कंपनीकडून जे मिळायचं ते या शेवटच्या ओळीवर अवलंबून होतं, हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगतो, मी उठलो तो त्यासाठी नाही. बेपर्वा हा शब्द शंकरच्या नावापुढे मला सहन झाला नाही.

मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो. म्हटलं, सर, डॅशबोर्डवरची ऑर्डर माझी. ती मोडायची ऑर्डरही माझी. ०८५० ला मी सेटवर मराठीत दिली. त्यानं मला परत विचारलं आणि मी परत सांगितलं. गाडी उकळण्याचं कारणही अज्ञात नाही. दोन्ही गाड्यांचे थर्मोस्टॅट मी काढले. कुणाला विचारून काढले नाहीत. ते माझ्या टूलबॉक्सच्या खालच्या खणात आहेत.

लोपीस खाली मान घालून बसला होता. एका अधिकाऱ्यानं त्याला विचारलं, हे खरं आहे का. तो हो म्हणाला. बाहेर आल्यावर हसन साहेब माझ्याजवळ उभे राहिले. म्हणाले, "कदम, यू नो व्हॉट धिस मीन्स. खलास." मी म्हटलं, यस सर. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

रिपोर्ट बदलला. लोपीसला लेखी ताकीद मिळाली. माझा व्हिसा रद्द झाला. जाण्याआधी चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी दोन आणि तीन नंबरचे थर्मोस्टॅट परत बसवले, नवी गॅस्केट टाकून. दोन्ही गाड्या वाळूच्या चढावर नेऊन पाहिल्या. काटा मधोमध राहिला. एवढं सोपं होतं ते.

शंकरच्या गावी मी घरी जाण्याआधी गेलो. त्याची बायको शालन. तिला मी एकदाच पाहिलं होतं, फौजेत असताना शंकर सुट्टी संपवून निघाला तेव्हा स्टँडवर. ओसरीत तिनं मला घोंगडीवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मी तो उचलला नाही. आधी सांगतो म्हटलं. सगळं सांगितलं, चौकशीत सांगितलं त्याच क्रमानं. थर्मोस्टॅट म्हणजे काय तेही सांगितलं. माझं झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर त्यांनी ते पाणी ठेवलं असतं?"

"ठेवलं असतं, वहिनी."

तिनं अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरात कधी कुणाचं ऐकलं नाही त्यांनी. माझं नाही, सासऱ्यांचं नाही. तुमचं तेवढं ऐकलं."

ती आत गेली. मी ओसरीत बसून राहिलो. मला कुणी जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. शेवटच्या एसटीला मी उठलो.

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. दरवर्षी युनिटचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिवस असतो. जुने लोक जमतात, स्मारकावर फूल वाहतात, ड्युटीवर गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचली जातात. शंकरचं नाव त्यात येत नाही. तो पेन्शनर होता, परदेशात खाजगी गाडीवर होता, कागदानं ते बरोबर आहे. मी एकदा ॲडज्युटंट साहेबांना विचारलंही, त्यांनी नियम दाखवला. म्हणून नाव मी इथे लिहितो. नाईक शंकर ज्ञानू इंगवले, ड्रायव्हर. वय एकोणचाळीस. लिवाच्या दक्षिणेला, ऑगस्ट महिन्यात, मिळालेली ऑर्डर पाळताना गेला. ऑर्डर मी दिली होती.